फोनवर बोलताना नेट का जातं? ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या मजल्यावर साताऱ्याहून एक मुलगा राहायला आला. ऐरोलीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. महिना व्हायच्या आत त्याने आमची बेल वाजवली. "ताई, माझा फोन फाइव्ह-जी आहे, रेंजही फुल्ल असते. पण आईचा फोन आला की लॅपटॉपचं नेट जातं आणि मी मीटिंगच्या बाहेर. आईला सांगितलं, दुपारी फोन करू नकोस. तर ती रुसून बसलीय."

आईला रुसू द्यायचं काही कारण नव्हतं, आणि नवा फोन घ्यायचंही नव्हतं. एक सेटिंग बंद होतं, तेवढंच. पण ते सांगायला मला त्याच्याशी अर्धा तास बोलावं लागलं, कारण त्याने आधीच दोन दुकानांत विचारलं होतं आणि दोन्हीकडे "सिम बदला" हे एकच उत्तर मिळालं होतं. टॉवरच्या देखभालीच्या कामात मी काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे सोसायटीत असले प्रश्न माझ्याच दारात येतात. तो अर्धा तास इथे लिहून काढते आहे.

क्रम असा ठेवलाय की फुकटात होणारे उपाय आधी, पैसे लागणारे शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांतच काम झालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पायरी पहिली: आधी दोन मिनिटांची चाचणी

घरातलं वाय-फाय बंद करा. मोबाईलचा डेटा चालू ठेवा. मित्राला फोन लावा, स्पीकरवर टाका, आणि तो बोलत असताना ब्राउझरमध्ये एखादं असं पान उघडा जे आज उघडलेलं नाही. आधी पाहिलेलं पान फोनमध्ये साठलेलं असतं, ते नेट नसतानाही उघडतं आणि आपली फसगत होते. डोळा मात्र वरच्या पट्टीवर ठेवा, रेंजच्या दांड्यांशेजारी काय लिहिलंय तिकडे.

४जी किंवा ५जी तसंच राहिलं आणि पान उघडलं, तर फोन आणि सिम दोन्ही ठणठणीत. तुमची अडचण दोन सिममुळे आहे, सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

आधी ५जी होतं, फोन लागल्यावर ४जी झालं, पण पान उघडलं, तर घाबरू नका. बऱ्याच फोनांत ५जीवर असताना कॉल आला की कॉलपुरतं ४जीवर उतरायचं अशी सोयच असते. बोलणं संपलं की काही क्षणांत पुन्हा ५जी दिसतं. एअरटेलने आपलं ५जी सुरू केलं तेच ४जीच्या आधाराने, त्यामुळे तिथे आवाज ४जीवरून जातो. जिओचं ५जी स्वतंत्र आहे, त्यात आवाजही ५जीवरून नेता येतो, पण त्याला फोनचीही साथ लागते. बोलणं आणि नेट एकदम चालण्यासाठी याने काही बिघडत नाही.

तिसरा प्रकार खरा दुखण्याचा. फोन लागताच वर 'ई' किंवा '२जी' येतं, किंवा अक्षर गायबच होतं, आणि पान गोल गोल फिरत बसतं. तुमचा कॉल जुन्या नेटवर्कवर घसरलाय.

हे का होतं ते समजून घेतलंत तर दुकानदार तुम्हाला गुंडाळू शकणार नाही. ४जी मुळात नेटसाठीच बांधलं गेलं. जुन्या पद्धतीच्या कॉलला त्यात जागाच ठेवलेली नाही. मग कॉल करायचा तर दोनच वाटा. एक, आवाजाचीही डेटासारखी छोटी पाकिटं करून ४जीवरूनच पाठवायची. याला व्होल्टे म्हणतात. दुसरी वाट म्हणजे कॉलपुरतं ३जी किंवा २जीवर उतरायचं. ३जीवर बोलणं आणि नेट एकत्र चालायचं, म्हणून "पूर्वी तर चालत होतं की!" असं म्हणणाऱ्यांचं खोटं नाही. पण एअरटेलने २०१९-२० मध्ये ३जी गुंडाळलं, बाकीच्यांनीही बहुतेक ठिकाणी आवरतं घेतलं. आता ४जीवरून पाय घसरला की मधली पायरीच नाही, थेट २जी. आणि २जीवर बोलणं चालू असेतो नेट थांबतं, ही त्या तंत्राचीच मर्यादा.

जिओची गोष्ट आणखी वेगळी. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेच फक्त ४जीवर. त्यांच्याकडे घसरायला २जी-३जी नाहीच. म्हणून व्होल्टे न चालणाऱ्या फोनात जिओचं सिम टाकलं तर नेट मस्त चालतं आणि साधा फोन मात्र लागतच नाही. एअरटेलने आपल्या व्होल्टेची सुरुवात सप्टेंबर २०१७ मध्ये केली ती मुंबईतूनच, म्हणजे आपल्या भागात ही सोय नवी अजिबात नाही. तरी आजही निम्म्या तक्रारी त्या एका बटणापाशी येऊन थांबतात.

बटण कुठे असतं? अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिम किंवा मोबाईल नेटवर्क, मग तुमचं सिम. तिथे 'व्होल्टे', '४जी कॉलिंग' किंवा 'एचडी व्हॉइस' असं काहीतरी असेल. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं बटण असतं आणि लोक एकच चालू करून मोकळे होतात. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या आत 'व्हॉइस अँड डेटा'. त्याच पानावर नेटवर्कचा प्रकारही बघून घ्या. नेट जोरात चालावं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून 'फक्त एलटीई', म्हणजे फक्त ४जी, करून ठेवलेले फोन मी पाहिलेत. व्होल्टे बंद आणि वर हे सेटिंग, मग कॉल येणार कुठून? ५जी, ४जी, ३जी, २जी आपोआप, असंच ठेवा.

बटण चालू आहे आणि तरीही कॉल २जीवर जातो? फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. सिम आठ-दहा वर्षांचं जुनं असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन ४जीचं करून घ्या, नंबर तोच राहतो. आणि बटण दिसतच नसेल तर फोन बहुधा परदेशातून आलेला आहे. त्याचं पुढे सांगते.

पायरी दुसरी: दोन सिम, एक रेडिओ

साताऱ्याच्या मुलाचं दुखणं इथे होतं. पहिलं सिम ऑफिसच्या कामासाठी, डेटा त्यावर. दुसरं सिम गावाकडचं, आई त्यावर फोन करते.

आपल्याकडच्या बहुतेक दोन सिमच्या फोनांत रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, एकच असल्यासारखा चालतो, दोन्ही सिम एका वेळी कामाला लागत नाहीत. दोन्ही जागी असतात, हाक ऐकू येते का बघत बसतात, पण एकाने ओ दिली की दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. म्हणून दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की पहिल्या सिमचा डेटा थांबतो. व्होल्टे दोन्हींवर चालू असलं तरी थांबतो. अलीकडच्या काही महागड्या फोनांत दोन्ही सिम खरोखर एकत्र चालतात, पण दोन सिमचा फोन म्हणजे तसंच असणार असं धरून चालू नका.

उपाय सोपा आहे. कॉल ज्या सिमवर चालू आहे, त्याच सिमचा डेटा कॉलपुरता वापरायची परवानगी फोनला द्यायची. सेटिंगचं नाव कंपनीगणिक बदलतं. कुठे 'डेटा ड्युरिंग कॉल्स', कुठे 'ऑटो डेटा स्विचिंग', आयफोनवर 'अलाऊ मोबाईल डेटा स्विचिंग'. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डेटा' टाका आणि खाली खाली पाहत या.

यात दोन खाचखळगे आहेत. गावाकडच्या सिमवर नेटचा पॅक हवा. नुसतं बोलणं आणि एसएमएसचा स्वस्त पॅक मारलेला असेल, आणि आता तसे पॅक मिळतात, तर परवानगी देऊनही नेट येणार कुठून? दुसरं असं की डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर जाताना काही सेकंदांचा खंड पडतो. ब्राउझरला ते कळतही नाही, पण व्हिडिओ मीटिंग अडखळते, क्वचित नव्याने जोडावी लागते. ज्यांचं पोट मीटिंगवर आहे त्यांनी डेटाचं सिम आणि ज्यावर जास्त फोन येतात ते सिम एकच ठेवावं. मुलाने तेच केलं. आईला नवा नंबर दिला. तिने तो साखरेच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलाय म्हणे.

आणखी एक. तुम्ही एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या सिमवर कुणी फोन केला, तर त्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' असं ऐकू येतं. तुम्ही घरातच बसलेले, फोन कानाला, आणि सासूबाई विचारतात, "कुठल्या डोंगरात गेली होतीस?" याला बऱ्याच फोनांत वाय-फाय कॉलिंग हा उतारा आहे, तो पाचव्या पायरीत.

पायरी तिसरी: बँड म्हणजे काय, आणि आपल्याकडे कुठले लागतात

इथून पुढे फोन विकत घेण्याचा विषय, म्हणून जरा सावकाश.

टॉवर आणि फोन एकमेकांशी ठरावीक लहरींच्या पट्ट्यांत बोलतात. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक आहे, तोच बँड. टॉवर ज्या पट्ट्यात बोलतो तो तुमच्या फोनला कळतच नसेल, तर टॉवर गच्चीवर उभा असला तरी तुमच्यासाठी तो मुका.

खालचे पट्टे आणि वरचे पट्टे यांचा स्वभाव वेगळा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाचा ठोका दोन गल्ल्या पलीकडून, बंद खिडकीतूनही छातीत जाणवतो. झांजांचा आवाज मात्र भिंतीपाशी विरतो. तसंच काहीसं. ८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब, ती लांब पल्ला गाठते आणि भिंतींतून आत शिरते. ३५०० मेगाहर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर, तिला काँक्रीटची एक भिंतही जड जाते.

मग सगळ्यांनी खालचेच पट्टे का वापरू नयेत? जागा नाही म्हणून. खालचे पट्टे अरुंद असतात. ४जीचा एक पट्टा फार तर २० मेगाहर्ट्झ रुंद, आणि खालच्या बँडमध्ये एवढंही क्वचितच मिळतं. उलट जिओ आणि एअरटेल दोघांकडेही ३५०० च्या आसपास ५जीसाठी १०० मेगाहर्ट्झचा सलग पट्टा आहे. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनवर रेंज पूर्ण असते आणि तरी साधा फोटो जात नाही, तेव्हा हेच घडत असतं. गाडी समोर उभी आहे, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. दांड्या गाडी आल्याचं सांगतात, जागेचं नाही.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही दूरसंचारच्या हिशेबात मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, येतात. इथे लागणारे बँड असे:

जिओ: ४जीसाठी ३, ५ आणि ४०, ५जीसाठी एन २८ आणि एन ७८.
एअरटेल: ४जीसाठी १, ३, ८ आणि ४०, ५जीसाठी मुख्यतः एन ७८.
वी (व्होडाफोन आयडिया): ४जीसाठी १, ३, ८ आणि ४१, ५जीसाठी एन ७८.

गावाकडे बीएसएनएल वापरणाऱ्यांनी यात २८ आणि ४१ धरावेत. बीएसएनएलच्या ४जीचा मोठा भार ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वर आहे. बरेच जुने फोन हा बँड ओळखत नाहीत, आणि मग "बीएसएनएलचं ४जी आलं म्हणतात, मला का दिसत नाही?" हा प्रश्न येतो.

तेव्हा भारतात वापरायच्या फोनाच्या यादीत ४जीचे १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ आणि ५जीचे एन २८ व एन ७८ एवढे असले की कंपनी कुठलीही बदला, अडत नाही. जिओवाल्यांनी आणखी एक शब्द शोधावा: 'एसए'. जिओचं ५जी स्वतंत्र म्हणजे एसए प्रकारचं असल्याने नुसतं एन ७८ लिहिलेलं पुरत नाही, ते एसएमध्ये चालतं असं लिहिलेलं हवं. एन २८ चं महत्त्वही जिओसाठीच. लहरींच्या पट्ट्यांच्या २०२२ च्या सरकारी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांनी घेतला, आणि स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत ५जी टिकतं ते बहुधा त्याच्या जोरावर. २६ गिगाहर्ट्झचा, एन २५८ नावाचा पट्टाही लिलावात गेला होता. फोन घेताना त्याच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

यादी बघायची कुठे? खोक्यावर बहुतेक नसते. फोन कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात असते. पण फोनच्या नावाने नाही, मॉडेल क्रमांकाने शोधा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडांसह विकला जातो आणि फरक फक्त त्या क्रमांकाच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत असतो. 'फोनबद्दल' या सेटिंगमध्ये तो दिसतो.

आता परदेशी फोन. माझा मामेभाऊ अमेरिकेतून येताना माझ्यासाठी एक फोन घेऊन आला होता. पंचवीस-तीस बँडांची यादी, बघूनच छाती दडपावी. पण तिथले बँड २, ४, १२, १३, ६६, ७१ आपल्याकडे चालत नाहीत. यादी लांबलचक, आणि कामाचे त्यातले मोजकेच. आपल्याकडे गर्दीच्या वेळी जागा देणारा ४० त्यात नव्हता. घरात फोन लागायचा, रात्री अकरानंतर नेटही बरं चालायचं, पण संध्याकाळी सगळे घरी आले की ढिम्म. मी तीन महिने सिमला शिव्या दिल्या. चूक यादी न वाचण्याची होती, आणि मी तर याच धंद्यातली!

अशा फोनाची दुसरी खोड व्होल्टेची. बँड जुळले तरी आपल्याकडच्या कंपनीने ते मॉडेल ओळखलेलं हवं, नाहीतर व्होल्टेचं बटणच उगवत नाही. ५जीचंही तसंच. भारतात ५जीचा शुभारंभ १ ऑक्टोबर २०२२ ला झाला, पण ५जीचं यंत्र आत असलेल्या आयफोनांना इथे ते मिळालं डिसेंबरात, सॉफ्टवेअर अपडेट आल्यावर. यंत्र असणं आणि परवानगी असणं या दोन गोष्टी आहेत. शिवाय अमेरिकेतले आयफोन १४ पासून पुढचे सगळे निव्वळ ई-सिमचे आहेत, प्लास्टिकचं सिम टाकायला त्यांना खाचच नाही. भाऊ-बहिणीने प्रेमाने आणलेल्या फोनाला नाही म्हणवत नाही, पण आणायच्या आधी मॉडेल क्रमांक विचारून घेता येतो.

पायरी चौथी: तुमच्या घरात कुठला बँड पोचतो

दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर नावाचं अ‍ॅप टाका. सॅमसंगमध्ये डायलरवर *#००११# दाबूनही हाती माहिती येते, आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून कॉलचं बटण. त्यात दोन गोष्टी बघायच्या: बँड, आणि सिग्नलची ताकद सांगणारा आरएसआरपी नावाचा उणे आकडा. उणे आकड्यांत गोंधळ होतो म्हणून सांगते, उणे ८५ चांगला आणि उणे ११० वाईट. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० पर्यंत काम भागतं, उणे ११० ला कॉल तुटायला लागतात, उणे १२० म्हणजे आशा सोडा. आणि हा आकडा साधा नाही. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. खिडकीत उणे ९० आणि बाथरूममध्ये उणे ११० असेल, तर मधल्या दोन भिंतींनी शंभरातले नव्याण्णव भाग खाल्ले.

एखादं अ‍ॅप बँड न सांगता नुसता ईएआरएफसीएन आकडा, म्हणजे बँडच्या आतल्या जागेचा क्रमांक, दाखवतं. तो १२०० ते १९४९ असेल तर बँड ३, २४०० ते २६४९ तर बँड ५, ३४५० ते ३७९९ तर बँड ८, ३८६५० ते ३९६४९ तर बँड ४०. शून्य ते ५९९ म्हणजे बँड १.

घरभर फिरून चार-पाच जागी आकडे कागदावर टिपा: हॉल, स्वयंपाकघर, काम करता ती जागा, बाथरूम. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. सगळीकडे बँड ५ किंवा ८, म्हणजे खालचेच पट्टे, दिसत असतील तर वरचे पट्टे आत शिरत नाहीत. टेबल खिडकीकडे सरकवलं तरी कधी कधी फरक पडतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत राहायला आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण दुकानात कुणीही ती सांगत नाही. उंचावर रेंज चांगली असेल असं सगळ्यांना वाटतं. तिसाव्या मजल्यावर खिडकीत उभं राहिलं की मोबाईलचे दहा टॉवर दिसतात, मग अडचण कसली? तीच अडचण. मोबाईलचे अँटेना रस्त्यावरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या माणसांसाठी थोडे खाली झुकवलेले असतात. वरच्या मजल्याला त्यांचा मुख्य झोत मिळत नाही, इकडून तिकडून आलेले दहा उष्टे सिग्नल मिळतात, सगळे जवळजवळ सारख्याच ताकदीचे. फोन यावरून त्यावर उड्या मारत राहतो. आकडा उणे ८५ आणि तरी बोलणं तुटतं, ते यामुळे. मी बाविसाव्या मजल्यावर राहते. खाडीकडच्या खिडकीत माझा फोन पलीकडच्या भिवंडीकडच्या टॉवरांनाही पकडतो, येऊरकडच्या खोलीत मात्र शांतता, जंगलात टॉवर कोण उभारणार? अशा घरात खिडकीपासून एक भिंत आत बसलं तर उलट बरं चालतं, कारण भिंत लांबच्या टॉवरांना गाळते. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत हा ताप नाही, तिथे तळमजल्याच्या आतल्या खोलीचं दुखणं वेगळं. काचेच्या ऑफिसांचं आणखी वेगळं: ऊन अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो लहरीही अडवतो.

लिफ्ट, बेसमेंटचं पार्किंग, पारसिकचा १९१६ सालचा बोगदा यांच्यासाठी फोन बदलू नका. तिथे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

पायरी पाचवी: घरात वाय-फाय असेल तर

वाय-फाय कॉलिंग चालू करा. बटण व्होल्टेच्याच आसपास असतं. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. वेगळं अ‍ॅप लागत नाही, नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखाच फोन लागतो, फक्त टॉवरऐवजी घरच्या राउटरमधून जातो. वेगळे पैसेही नाहीत. उंच मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या दोघांनाही हाच सर्वांत चांगला इलाज, आणि मी तर म्हणेन की घरी फायबर असेल तर बँडची चिंता निम्मी करा.

एकच ध्यानात ठेवा: लाइट गेली की राउटर गेला, आणि राउटर गेला की कॉल गेला. राउटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो, पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. आणि घरातून बोलत बोलत लिफ्टकडे निघालात तर वाय-फायवरून व्होल्टेवर कॉल आपोआप सरकतो, पण दारातच टॉवरची रेंज नसेल तर सरकायला जागा नसते. बोलणं संपवून निघा.

पायरी सहावी: एवढं करूनही भागलं नाही तर कंपनी बदला

बदलण्याआधी तपासा. सोसायटीत दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला शेजारी गाठा, चहाला बोलवा आणि त्याचा फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन या. वॉचमनकाकांना विचारा, त्यांना पार्किंगमध्ये कुठलं सिम चालतं ते पक्कं माहीत असतं. हे जमण्यासारखं नसेल तर नवं प्रीपेड सिम सर्वांत लहान पॅकवर घ्या, तुमच्याच फोनात टाका, आठवडाभर वापरा, आकडे टिपा. कंपनीच्या नकाशावर तुमच्या इमारतीवर रंग भरलेला असतो, पण तो रस्त्याचा. तुमच्या बाथरूमचा नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून तुमचा नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले हवेत, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

सातारा, नाशिक, कोल्हापूरहून आलेल्यांचा नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा असतो. इथे तो रोमिंगवर चालतो, नेहमीच्या पॅकमध्ये त्याचे जास्त पैसे पडत नाहीत, म्हणून नुसत्या त्या कारणासाठी नंबर बदलू नका. कंपनी बदलायचीच असेल तर जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्यातही नंबर नेता येतो. कंपन्यांकडे प्रत्येक सर्कलमध्ये वेगळे पट्टे असतात, त्यामुळे इथे मस्त चालणारा कमी बँडांचा फोन सुट्टीत गावी गेल्यावर रुसू शकतो. तिसऱ्या पायरीतली पूर्ण यादी पाहिजे म्हणते ती यासाठीच.

फोन नवा किंवा जुना घेताना, दुकानातच

डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल, दोन सिमचा फोन असेल तर दोन. खोक्यावरच्या नंबरांशी ताडून पाहा. मग इंग्रजीत 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एक आणि उत्तरातला दुसराच असेल, किंवा नंबर काळ्या यादीत असल्याचं आलं, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, फोन काउंटरवर ठेवा आणि बाहेर पडा. सगळं जुळलं तर तिथेच तुमची दोन्ही सिम टाकून पहिल्या पायरीची चाचणी करा, एकदा या सिमवरून, एकदा त्या सिमवरून. राम मारुती रोडच्या गर्दीत दुकानदार घाई करेल. करू दे.